कालिपाच्या गोष्टीतली घोडी

कोक-जार गावच्या म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती जरा जास्तच चांगली निघाली, तिथून या प्रकरणाला सुरुवात झाली.

जिपार किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकमधल्या एका विद्यापीठात मेंदूविज्ञानात पीएच.डी. करत होती. उंचावरच्या विरळ हवेत आयुष्य काढलेल्या माणसांचा मेंदू म्हातारपणी कसा टिकतो, हा विषय. याच कामावर तिच्याबरोबर सुयुन होता. दोघांच्या मार्गदर्शक आयनाश एजे; एजे म्हणजे ताई. बोलायला गोड, पण आकड्यांच्या बाबतीत कुणाची गय न करणाऱ्या, अशी त्यांची ख्याती. कामाची वाटणी सरळ होती. चुईच्या सखल खोऱ्यातली गावं जिपारने करायची. सुयुन मूळचा डोंगराळ नारिनचा, त्यामुळे तिकडचं कोक-जार त्याच्याकडे.

चाचणीचा मुख्य भाग म्हणजे एक गोष्ट. म्हाताऱ्या माणसाला समोर बसवायचं, ती एकदा वाचून दाखवायची आणि लगेच विचारायचं, आता तुम्ही सांगा. मग अर्धा तास दुसरी कामं करून घ्यायची आणि पुन्हा विचारायचं. गोष्ट या दोघांनीच मिळून तयार केली होती. कालिपा नावाची शाळेतली स्वयंपाकीण मुलीसाठी लाल कोट घ्यायला शुक्रवारी तोकमोकच्या बाजाराला निघते. पुलापाशी बस बंद पडते, बर्फ पडायला लागतं. एक मेंढपाळ तिला आपल्या गाड्यात बसवून बाजारात नेतो. दुकानं बंद झालेली असतात, पण एक दुकानदारीण तिच्यासाठी पुन्हा कुलूप उघडते. बस, एवढीच.

सत्तरीचा धडधाकट माणूस अर्ध्या तासानंतर यातलं साधारण निम्मं सांगतो. बरेचजण लाल कोटाचा निळा करतात, कालिपाचं नाव विसरतात, शुक्रवार तर कुणाच्याच लक्षात राहत नाही. चुईच्या खोऱ्यात हेच झालं. कोक-जारच्या म्हाताऱ्यांना मात्र शुक्रवारसुद्धा आठवत होता.

आयनाश एजे हरखल्या. "बघा! आपण समजत होतो, विरळ हवा मेंदूला झिजवते. ती तर त्याला कणखर करते!" इस्तंबूलच्या परिषदेसाठी निबंधाचा मसुदा तयार व्हायला लागला. वर्षभर परदेशी प्रयोगशाळेत शिकायला दोघांपैकी एकालाच पाठवायचं होतं. त्या जागेचा विषय निघाला की एजे हल्ली सुयुनकडे बघून बोलायच्या.

एकमेकांचे कागद एकमेकांनी कॉम्प्युटरवर चढवायचे, असा प्रयोगशाळेचा नियम होता. त्यामुळे कोक-जारचे कागद जिपारच्या हाती आले. म्हाताऱ्यांनी गोष्ट ज्या शब्दांत सांगितली, तसेच शब्द त्यावर लिहिलेले असायचे. एका कागदावर तिने वाचलं : "मेंढपाळाच्या गाड्याला घोडी जुंपलेली होती, ती एका डोळ्याने आंधळी होती."

जिपारला हसू आलं. गोष्टीत घोडीच नव्हती. नुसता गाडा होता. म्हातारी माणसं पदरचं घालतात, ते तिला माहीत होतं.

पुढच्या कागदावर पुन्हा एका डोळ्याने आंधळी घोडी. मग आणखी एकावर. मग तर ती पाठोपाठच यायला लागली.

हसू कधीच मावळलं होतं. एकाने चूक केली तर ती चूक. तीच चूक सगळं गाव करत असेल, तर मागे कुठेतरी एकच डोकं असतं. हे कागद लिहिणारा हात तर एकच होता.

ती कागद खिडकीशी नेऊन नीट बघायला लागली. चुईचे तिचे स्वतःचे कागद चहाच्या डागांनी, खाडाखोडीने, साय लागलेल्या बोटांच्या ठशांनी भरलेले होते. सुयुनचे कागद स्वच्छ होते. एकच पेन, एकच शाई, एकसारख्या सरळ ओळी. म्हाताऱ्या माणसासमोर गालिच्यावर मांडी घालून, मांडीवर फळी ठेवून असं लिहिता येतच नाही. असं टेबलाशी बसून लिहितात.

दुपारी तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुयुन, कोक-जारची रेकॉर्डिंगं कुठं ठेवलीस?"

"नाहीत. म्हातारे नको म्हणाले."

"सगळेच?"

"एकानं नको म्हटलं की सगळे नको म्हणतात. तू शहरातली, तुला गाव काय कळणार?"

"कळत नाही म्हणून तर विचारते. आणि ती घोडी?"

"कुठली घोडी?"

"आंधळी."

सुयुनने खांदे उडवले. "म्हाताऱ्यांनी सांगितलं ते मी लिहिलं. तूच म्हणायचीस ना, शब्द बदलायचे नाहीत?"

एवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. पडद्यावर 'कोक-जार, आपा' अशी अक्षरं जिपारने स्पष्ट वाचली. आपा कुणाही वयस्क बाईला म्हणतात. त्याने फोन झटकन पालथा केला, मग उचलून बाहेर गेला. काचेच्या दारापलीकडे तो भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात कुणाची तरी समजूत घालत होता.

"कोण होतं?"

"आई. घरून."

त्या दिवसापासून जिपारचं लक्ष कामात लागेना. कधी वाटायचं, आपल्याला त्या परदेशातल्या जागेचा मत्सर वाटतोय आणि त्या मत्सरालाच आपण सचोटी म्हणतोय. कधी वाटायचं, पाच वर्षं शेजारी बसलेला माणूस आपल्याला ओळखताच आला नाही. सुयुन पूर्वीसारखाच हसायचा, तिच्या कटोऱ्यात चहा ओतायचा, आणि ती मनात म्हणायची, बघा, कसा निर्धास्त आहे.

शेवटी ती आयनाश एजेंपाशी गेली. घोडीचं सांगितलं, शाईचं सांगितलं. फोनचं मात्र सांगितलं नाही, ते चुगलीसारखं वाटलं असतं.

एजेंनी चष्मा काढला. "जिपार, दुसऱ्याच्या ताटात मांस किती पडलंय, हे बघत जेवलं की आपलं अन्न अंगी लागत नाही. आमच्याकडे आजी असंच म्हणायची."

"एजे, घोडी गोष्टीत नाहीच आहे."

"डोंगरातली माणसं आहेत. त्यांच्या गाड्याला घोडी असणारच. गाढव असतं तर मला संशय आला असता."

विषय संपला. जिपारने दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं की ती नारिनला मावशीकडे जातेय.

सुयुनने मान वर केली. "नारिनला? मग मीही येतो. मला कोक-जारला जायचंच होतं."

"कशाला?"

"असंच. एक काम आहे."

"माझी मावशी आजारी आहे," जिपार म्हणाली. "घरात जागा नाही."

जानेवारीचे दिवस होते. डोलोनच्या खिंडीत बर्फ साफ करणाऱ्या गाडीमागून रांगेने वाहनं सरकत होती. नारिनला ती थांबलीच नाही, तिथून दुसरी गाडी पकडून कोक-जारला पोचली. गावातल्या शाळेत बुरुलचा नावाची शिक्षिका होती, जिपारच्या मैत्रिणीची नातलग. तिच्याकडे उतरायचं ठरलं होतं.

गावात पाय ठेवल्यापासून एक गोष्ट तिला जाणवायला लागली. ती दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. विद्यापीठातून आलेय म्हटल्यावर तर चेहरे मिटूनच जायचे.

"आमची डोकी ठीक आहेत," काउंटरपाशी उभी असलेली एक बाई न विचारताच म्हणाली. "सगळ्यांची."

"मी कुठं म्हटलं, ठीक नाहीत?"

"म्हणायच्या आधीच सांगून ठेवलेलं बरं."

आता जिपारला दुसरीच शंका आली. सुयुनने यांना पढवून तर ठेवलं नसेल? कुणी चौकशीला आलं तर काय सांगायचं, ते? म्हणून तर नव्हता तो फोन?

बुरुलचाच्या घरी शेगडी रसरसून पेटलेली होती. तिची सासू उपेल आपा भिंतीला टेकून तळलेले बोरसोक खात बसली होती. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे सुयुनने तिला चाचणीत घेतलंच नव्हतं. तिच्या नावाचा कागद नव्हता, हे जिपारला पक्कं आठवत होतं.

"ही कोण गं?" उपेल आपाने सुनेला मोठ्याने विचारलं.

"बिश्केकहून आलीय, आई! ते गोष्ट विचारणारे नव्हते का आले, त्यांच्यातली!"

म्हातारीचा चेहरा उजळला. "अगं, मग कालिपाची गोष्ट ना? ये, बस. मला कुणी विचारलंच नाही. म्हणाले, म्हातारी बहिरी आहे. बहिरी असले तरी सगळ्यांच्या आधी पाठ झाली मला!"

आणि तिने सुरुवात केली. शुक्रवार, तोकमोक, लाल कोट, पूल, बर्फ, काहीही सुटलं नाही. मेंढपाळापाशी आल्यावर तर तिने हातवारे सुरू केले. "आणि त्याची घोडी! एका डोळ्यानं आंधळी. त्यामुळं सारखी एका बाजूला ओढायची. तो म्हणायचा, बाई, घाबरू नको, हिला वाट डोळ्यांनी नाही, खुरांनी कळते!"

जिपारच्या हातातला कटोरा तसाच राहिला. म्हणजे सुयुनने काही रचलेलं नव्हतं. घोडी खरोखरच गावात होती, प्रत्येकाच्या तोंडी.

"आपा," ती म्हातारीच्या कानापाशी वाकून म्हणाली, "तुम्हाला ही गोष्ट कुणी सांगितली?"

उपेल आपा सुनेकडे बघायला लागली.

बुरुलचाने उसासा टाकला. "आता लपवून काय करणार! गावच्या वडीलधाऱ्या म्हाताऱ्यानं, किदिराली अक्सकालनं सांगितली. तुमच्या त्या पोरानं पहिल्यांदा त्यांनाच विचारलं होतं. त्यांच्या घरात मोठी शेगडी आहे, म्हणून सगळ्यांना तिथंच बोलावलं होतं. एकाला विचारायचा तेव्हा बाकीचे भिंतीला बसून चहा पीत असायचे."

"एकाच खोलीत? सगळे?"

"मग काय थंडीत बाहेर उभं करणार म्हाताऱ्यांना? तुमचा सुयुन म्हणत होता, एकेक या, एकेक या. कोण ऐकतंय! शेवटी बिचारा थकला. लिहायलासुद्धा जागा नव्हती त्याला. रोज शाळेत येऊन, माझ्या टेबलावर सगळं सुवाच्य करून काढायचा."

असं होतं तर. खाडाखोड का नव्हती, रेकॉर्डिंग का नव्हतं, सुयुन का टाळत होता, सगळ्याचा उलगडा झाला. खोलीत माणसं बसलेली होती हे एजेंना कळलं असतं, तर त्यांनी सगळे कागद तिथल्या तिथे बाद केले असते. त्याने खोटं लिहिलं नव्हतं. पण खरंही सांगितलं नव्हतं. जिपारला थोडं हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाजही वाटली.

"पण एकदा ऐकून एवढं पाठ कसं होईल?" तिने विचारलं.

"एकदा कुठलं! त्यानंतर किदिराली अक्सकाल रोज सांगायचे. लग्नात, बारशात, दुकानापुढे, कोणी भेटलं की हेच. 'अरे, तुला एक गोष्ट सांगतो, कालिपा नावाची एक स्वयंपाकीण होती.' काल सांगितली तरी आज पुन्हा पहिल्यापासून. त्यांची बायको सालकिन आपा म्हणायच्या, नीट ऐका रे, तो तुमची तयारी करून घेतोय. शहरातली माणसं पुन्हा आली की ज्याला येणार नाही त्याला घेऊन जातील."

"घेऊन जातील? कुठं?"

"वेड्यांच्या इस्पितळात," बुरुलचा खाली मान घालून म्हणाली.

जिपार शेगडीकडे बघत राहिली. तिच्या डोक्यात आता निराळंच काहीतरी जुळत होतं. "त्या अक्सकालांची स्वतःची घोडी होती का, एका डोळ्याची?"

"होती ना. सगळ्या गावाला माहीत आहे. शरदात विकली."

मेंदूच्या अभ्यासात हा प्रकार पहिल्याच वर्षी शिकवतात. आठवणीत भोक पडलं की काही मेंदू गप्प बसत नाहीत. हाताला लागेल ती जुनी आठवण उचलून त्या भोकात बसवतात, आणि माणूस ती खरी म्हणूनच सांगतो. तो खोटं बोलत नसतो. किदिरालीने गोष्टीतल्या गाड्याला आपलीच घोडी जुंपली होती. आणि रोज तीच गोष्ट पहिल्यापासून सांगत होता, कारण काल सांगितल्याचं त्याला आठवत नव्हतं. अख्खं गाव ही शिकवणी समजून पाठ करत बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किदिराली अक्सकालच्या घरी गेली. दार सालकिन आपाने उघडलं. उंच, ताठ म्हातारी, डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधलेला. ती दारातून हलली नाही.

"सुयुन कुठाय?"

"तो नाही आला. मी त्याच्याबरोबर काम करते, आपा."

"मग त्याच्याबरोबरच ये."

आतून आवाज आला, "कोण आहे गं? पाहुण्याला दारात उभं करतेस?"

घरच्या म्हाताऱ्याने पाहुण्याला आत बोलावलं की आमच्याकडे त्यावर इलाज नसतो. सालकिन आपाला बाजूला व्हावं लागलं.

किदिराली अक्सकाल उठून सामोरा आला. दाढी विंचरलेली, डोळे हसरे. पण चालताना त्याचा डावा पाय गालिच्यावरून ओढला जात होता, आणि ते त्याच्या गावीही नव्हतं. बसल्यावर बायकोने चहा दिला. त्याने कटोरा डाव्या हातात धरला. कटोरा हळूहळू कलत गेला, चहा गालिच्यावर सांडायला लागला, आणि तो मात्र जिपारकडे बघून बोलतच होता. सालकिन आपाने मुकाट्याने कटोरा काढून त्याच्या उजव्या हातात दिला. हे तिने किती वेळा केलं असेल, ते तिच्या सवयीच्या हालचालीवरूनच कळत होतं.

"तू कुणाची मुलगी?" अक्सकालने विचारलं.

जिपारने सांगितलं. थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "तुला एक गोष्ट सांगतो. कालिपा नावाची एक स्वयंपाकीण होती..." आणि मध्येच त्याने डोकं धरून डोळे मिटले, आणि तो बसल्या जागी पेंगायला लागला.

"आपा, सकाळी यांचं डोकं दुखतं का?"

"म्हातारपणात सगळ्यांचं दुखतं."

"पाय कधीपासून ओढतात?"

"थंडीनं."

"हे पडले होते का कधी?"

"नाही!" सालकिन आपा इतक्या जोरात म्हणाली की म्हातारा दचकला. मग ती जिपारच्या अगदी जवळ येऊन बसली. आवाज खाली आणला. "तू का आलीस ते मला माहीत आहे. त्या पोराला मी रोज फोन करते, माझ्या माणसाचं नाव कुठं कळवू नको म्हणून. तो म्हणतो, नाही कळवणार. आणि आता तू येतेस, पाय बघतेस, हात बघतेस. माझ्या थोरल्या भावालाही असंच बघायला आले होते. कागद घेऊन आले, गोड बोलले, तपासून परत आणतो म्हणाले. मी लहान होते, गाडीमागे धावले होते. परत आणला नाही. त्याचं थडगंही कुठं आहे, माहीत नाही. तू निघ."

जिपार निघाली नाही. तिलाही भीती वाटत होती, पण ती वेगळी होती. "आपा, मी डॉक्टर नाही. पण हे म्हातारपणाचं विसरणं दिसत नाही मला. म्हातारपण एका बाजूचा पाय धरत नाही, आणि असं काही महिन्यांत येत नाही. पडल्यावर डोक्याच्या आत रक्त साचतं. ते हळूहळू वाढतं, मेंदूला दाबतं. ते काढता येतं. पण उशीर झाला तर एक दिवस हे असेच पेंगतील आणि उठणार नाहीत."

म्हातारीने नवऱ्याकडे बघितलं. तो भिंतीला टेकून घोरत होता, तोंड किंचित वाकडं.

"कुरणावरून खाली येताना," ती अखेर म्हणाली. "घोडी दगडांवर घसरली. तो डोक्यावर आपटला. रक्त नाही आलं, नुसतं टेंगूळ. उठून चालत घरी आला. सुयुननं विचारलं होतं, डोक्याला मार लागलाय का. मी नाही म्हटलं. घोडी विकली, म्हणजे कुणी विचारायला नको." तिने रुमालाने तोंड पुसलं. "मीच मारतेय का गं त्याला?"

"नाही. पण आज निघायला हवं. नारिनहून रुग्णवाहिका बोलावते."

"सरकारी गाडीत मी त्याला बसू देणार नाही!" ती पुन्हा ताठ झाली. "सुयुन येऊ दे. सुयुन आला तर येईन. त्याचे आजोबा माझ्या वडिलांचे मित्र होते. तुला मी ओळखत नाही."

जिपार अंगणात आली. ज्या माणसाला चोरून ती इथवर आली होती, त्यालाच आता फोन करायचा होता.

"मावशी कशी आहे?" सुयुनने विचारलं.

"मी कोक-जारला आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"किदिराली अक्सकालांच्या अंगणात उभी आहे. खोलीचं कळलं मला. कागदांचंही. ते नंतर बोलू. सुयुन, ते शरदात घोड्यावरून पडले होते. डावा पाय ओढतात, डाव्या हातात वस्तू टिकत नाही, बोलता बोलता झोपतात. आपा म्हणतात, तू आलास तरच हलतील."

"पडले होते? मी विचारलं होतं!"

"खोटं सांगितलं त्यांनी."

मग तो एवढंच म्हणाला, "त्यांना चित निजवू नको. उशी उंच ठेव. निघालो."

तो चुलत भावाची गाडी घेऊन संध्याकाळच्या आत पोचला. जिपारकडे त्याने बघितलंही नाही. सालकिन आपाच्या हाताला धरून म्हणाला, "आपा, तुम्ही त्यांच्या शेजारी बसायचं. प्रत्येक दारापर्यंत यायचं. कुणी तुम्हाला बाहेर काढलं तर मी गाडी वळवीन." म्हातारी उठली आणि गोधडीची घडी करायला लागली.

नारिनमध्ये डोक्याचं चित्र काढलं तेव्हा कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये उजवीकडे रक्ताची जाड चंद्रकोर दिसली. मेंदू बाजूला सरकलेला होता. डॉक्टरांनी अक्सकालला लगोलग बिश्केकला हलवलं. तिथे कवटीला लहानसं भोक पाडून काळपट पातळ रक्त काढलं. शस्त्रक्रिया चालू असेपर्यंत सालकिन आपा दारासमोरच्या बाकावर बसून होती आणि आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. एका परिचारिकेने "आजी, घरी जा, झोपा" म्हटलं, तेव्हा ती जिपारला म्हणाली, "ही मला का घालवतेय? विचार तिला."

अक्सकाल वाचला. काही दिवसांतच कटोरा डाव्या हातात नीट धरायला लागला. पायही उचलला जाऊ लागला. तो शरद आणि तो हिवाळा मात्र त्याच्या आयुष्यातून पुसला गेला. सुयुनला त्याने ओळखलं नाही. घोडी विकली हे त्याला पटेचना. बायकोने ती कुठेतरी लपवून ठेवलीय, अशी त्याची खात्री झाली, आणि ती त्याने आल्यागेल्या सगळ्यांना ऐकवली.

दोघं आयनाश एजेंपाशी गेले. सुयुनने सगळं सांगितलं. भरलेली खोली, चहा, सुवाच्य करून काढलेले कागद. एजे हातातलं पेन फिरवत होत्या.

"म्हणजे कोक-जार बाद."

"हो."

"सगळं."

"हो, एजे."

"आणि हे तू मला हिवाळाभर सांगितलं नाहीस. मी इस्तंबूलला जाऊन विरळ हवेचे गोडवे गाणार होते." मग त्या जिपारकडे वळल्या. "तू आली होतीस माझ्याकडे. मी तुला ताटातलं मांस ऐकवलं. तेही लक्षात ठेवीन." त्यांनी निबंध मागे घेतला. परदेशी त्या वर्षी कुणीच गेलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी दोघांनी अक्सकाल आणि सालकिन आपाला परत कोक-जारला पोचवलं. परतताना गाडीत दोघंच होते. खिंड लागली.

"मी संशय घेतला," जिपार म्हणाली. "मला माफ कर."

"संशय यायलाच हवा होता. कागदच तसे होते." सुयुन रस्त्याकडे बघत होता. "पण मला विचारायचं होतंस."

"विचारलं होतं. तू म्हणालास, आईचा फोन आहे."

सुयुनने काचेवरची वाफ बाहीने पुसली. थोडं पुढे गेल्यावर तिने विचारलं, "अजून काही लपवलंयस?"

"हो," तो म्हणाला. "मी प्रयोगशाळा सोडतोय. एजेंना उद्या सांगणार आहे. नारिनच्या रुग्णालयात म्हाताऱ्यांच्या तपासणीसाठी माणूस हवाय. गावोगाव जायचं, कोण पडलंय, कोण विसरतंय ते बघायचं. सालकिन आपासारख्या बऱ्याच असतील."

जिपारला वाटलं, हा आपल्यामुळे जातोय. मग वाटलं, नाही, खरंच त्याला तेच करायचं असेल. मग पुन्हा वाटलं, की हे तो आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगतोय. ती त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिली, पण तिथे थकव्याशिवाय काही दिसलं नाही.

"खरं सांगतोयस?" तिने शेवटी विचारलंच.

"हो. आता विचारलंस ते बरं केलंस," सुयुन म्हणाला, आणि गाडीचा वेग कमी केला, कारण पुढे रस्त्यावर बर्फ साचलेलं होतं.